डार्विनमधलं शनिवार सकाळचं टेनिस

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक झोपलीये आणि बाहेर इतकं उकडतंय की झोप येणार नाहीच, म्हणून बसले.

आम्ही नाशिकचे, आता ऑस्ट्रेलियाच्या अगदी वरच्या टोकाला डार्विनमध्ये राहतो. मेलबर्न-सिडनीचे मराठी लोक भेटले की विचारतात तिथे काय आहे, मगरी ना? मगरी आहेत, पण त्यांच्यापेक्षा मला सांगावंसं वाटतं ते इथल्या माणसांबद्दल. पूर्ण ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, २०२१ च्या जनगणनेत ३.२ टक्के होते, पण आमच्या नॉर्दर्न टेरिटरीत साधारण चारातला एक माणूस. म्हणजे मेलबर्नला वर्षानुवर्षं राहून ज्यांच्याशी एकदाही बोलणं झालेलं नसतं ते लोक इथे बाजारात, बसस्टॉपवर, शाळेच्या गेटवर रोज भेटतात, आणि माझ्या कामात तर जास्तच.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासते. नाशिकला माझ्याकडे बहुतेक आजी-आजोबा यायचे कानाचं मशीन लावायला. इथे पहिल्याच आठवड्यात समोर रांगेने लहान मुलं, तीन वर्षांची, पाच वर्षांची, कान वाहतोय, पडद्याला भोक, नाहीतर पडद्यामागे पाणी साठलेलं आणि मूल गप्प. इथल्या मेन्झीस या आरोग्य-संशोधन संस्थेच्या लोकांनी २००१ मध्ये उत्तर आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या २९ दूरच्या वस्त्यांमधली लहान मुलं तपासली तेव्हा ९१ टक्के मुलांना मधल्या कानाचा कुठला ना कुठला त्रास होता. एका श्रीमंत देशात! दाटीवाटीची घरं, पाण्याची बोंब, डॉक्टर शेकडो किलोमीटर लांब, ही सगळी कारणं आपल्यालाही ओळखीची आहेत. जन्मानंतर काही महिन्यांतच इन्फेक्शन सुरू होतं आणि बोलायला-ऐकायला शिकायची वर्षं त्यातच जातात.

आता तुम्ही म्हणाल टेनिस कुठे आलं यात. तर ऐका.

माझी लेक आठ वर्षांची असताना तिला टेनिसला घातलं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की शनिवारी सकाळी अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी फुकट टेनिस असतं, पण बॉल गोळा करायला आणि बस चालवायला माणसं कमी पडतात. मला टेनिसमधलं काही कळत नाही पण बॉल गोळा करता येतात, म्हणून गेले.

पहिल्याच शनिवारी एक सात-आठ वर्षांचा मुलगा, नाव-गाव मुद्दाम सांगत नाही, बॉल सरळ जाळीवर मारत सुटलेला. कोच नवीन पोरगा, नुकताच दक्षिणेकडून आलेला, चांगला होता मनाने, तो ओरडतोय बास, सगळे इकडे या, आणि हा मारतोच आहे. दोनदा झालं, तीनदा झालं, मग त्याला बाकावर बसवलं, शिक्षा. तो बसला आणि शेजारच्या बहिणीने काहीतरी सांगितलं तेव्हा त्याने मान अशी वळवली की उजवा कान तिच्याकडे यावा. ती मान वळवणं मी दिवसातून दहा वेळा बघते. त्याच्या आजीशी बोलले, पुढच्या आठवड्यात तपासलं, डाव्या पडद्याला भोक आणि उजवाही धड नाही. पोरगा हट्टी नव्हता हो, त्याला हाक ऐकूच जात नव्हती. उघड्या कोर्टवर, वारा, शेजारच्या रस्त्यावरची वाहनं, वीस मुलांचा दंगा, आणि कोच पाठमोरा उभा राहून ओरडतोय!

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. कोच आता आधी हात वर करतो, मुलं एकमेकांना कोपर मारून सांगतात, सगळे अर्धगोलात बसले की मगच तो बोलतो, तेही तोंड मुलांकडे करून आणि कमीत कमी शब्दांत, बाकी सगळं करून दाखवायचं. याला एक डॉलर लागला नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांचे कान ठणठणीत आहेत ती मुलंही यामुळे पटापट शिकायला लागली, कारण टेनिस सांगून कुठे येतं, बघूनच येतं.

आणि ते लाल बॉल. मला हा प्रकार माहीतच नव्हता. लहान मुलांना मोठ्यांचा पिवळा बॉल देतच नाहीत, आधी लाल, तो ७५ टक्के हळू आणि कोर्टही छोटं ११ मीटरचं, मग नारिंगी, मग हिरवा, तसा तसा वेग वाढत जातो. पहिल्याच दिवशी मूल चार-पाच वेळा जाळीपलीकडे बॉल मारू शकतं, आणि एकदा का ती टपटप सुरू झाली की त्याला घरी नेणं मुश्किल. बास्केटबॉलच्या मैदानावर खडूने रेघ मारून, दोन खुर्च्यांना दोरी बांधूनसुद्धा हे होतं, आम्ही केलंय.

आमच्या या शनिवारच्या खऱ्या मालकीण म्हणजे आंटी. इथे अ‍ॅबोरिजिनल लोकांत मोठ्या बाईला आंटी आणि मोठ्या पुरुषाला अंकल म्हणतात, नातं असो नसो, नावाने हाक मारत नाहीत, अगदी आपल्या काका-मावशीसारखं, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून हे जमलं. आंटी लाराकिया आहेत, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर हे सगळं डार्विन वसलंय ते लोक. त्या कोर्टच्या कडेला झाडाखाली फोल्डिंगची खुर्ची टाकून बसतात. सुरुवातीला मला वाटायचं त्या नातवंडांना घेऊन आल्यात. नंतर कळलं की मुलं येतात ती आंटी तिथे बसलेल्या असतात म्हणून. एका शनिवारी त्या दवाखान्यात होत्या तेव्हा बसमध्ये चारच मुलं होती.

माझ्या हातून झालेली चूक पण सांगते, कारण ती मला अजून टोचते. एक मुलगी होती, दहा-अकराची, काय फोरहँड मारायची! मी न राहवून सगळ्यांना थांबवलं, तिला पुढे उभं केलं, म्हटलं सगळ्यांनी हिचं बघा आता, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. ती खाली बघत उभी राहिली. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी आंटींना विचारलं तर म्हणाल्या, "शेम जॉब, बब (म्हणजे बाळा). तू तिला एकटीला सगळ्यांपासून बाजूला काढलंस." शेम हा इंग्रजी शब्द आहे पण या लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ वेगळाच आहे, लाज, भीड, संकोच, चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटणं, सगळं मिळून. चुकलं तरी शेम आणि कौतुक झालं तरी शेम, कारण दोन्हीत तू एकटी पडतेस. शाळेत उत्तर येत असून मुलं हात वर करत नाहीत त्यातही हेच असतं. मी नाशिकच्या शाळेत पहिला नंबर आला की स्टेजवर बोलावणार या हिशोबात वाढलेली, मला हे सुचलंच नसतं.

ती मुलगी सहा आठवड्यांनी आली. कशी आली तर आंटींनी तिला निरोप धाडला की लहान मुलांना बॉल टाकायला कोणीतरी पाहिजे. आता ती लहानग्यांना शिकवते, आणि मी काही बोलायचं झालंच तर तिच्याजवळून जाता जाता हळूच बोलते.

आंटींनीच मला विचारलं होतं, इव्हॉन माहितीये का तुला? मी म्हटलं नाव ऐकलंय. माझे बाबा टेनिसवेडे, गूलागाँग हे नाव त्यांच्या तोंडी असायचं आणि लहानपणी मला ते नाव म्हणायला फार आवडायचं, तेवढंच. आंटी नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे, मग सांगितलं, आणि नंतर मी घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

इव्हॉन गूलागाँग, जन्म १९५१, विराजुरी या अ‍ॅबोरिजिनल समाजातली. न्यू साउथ वेल्समध्ये बरेलन म्हणून गव्हाच्या शेतांमधलं छोटंसं गाव, तिथे वाढली. वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे, आठ भावंडं, ही तिसरी. पहिली रॅकेट म्हणजे फळांच्या खोक्याची फळी, ती घेऊन भिंतीवर बॉल मारत बसायची. त्या काळात सरकारी माणसं अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईवडिलांकडून उचलून न्यायची, अख्ख्या पिढ्या गेल्या तशा, २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. तर रस्त्यावर चकचकीत गाडी दिसली की इव्हॉनची आई मुलांना लपायला सांगायची, वेल्फेअरवाला आला, नेईल तुम्हाला. हे इव्हॉनने स्वतः सांगितलंय. मी हे वाचताना माझी लेक शेजारच्या खोलीत झोपली होती, मी उठून तिला बघून आले.

तर ही मुलगी गावातल्या टेनिस क्लबच्या कुंपणातून आत बघत असायची. बिल कर्ट्झमन नावाच्या गावातल्याच माणसाने तिला पाहिलं आणि म्हणाला, आत ये, खेळ. पुढे सिडनीचे कोच व्हिक एडवर्ड्स आले, तिला तेरा-चौदाव्या वर्षी सिडनीला घेऊन गेले, गावाने पैसे गोळा करून तिला पाठवलं, आणि १९७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तिने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलं, विम्बल्डनच्या फायनलला मार्गारेट कोर्टला हरवून. मग १९८० मध्ये परत विम्बल्डन, तेव्हा ती एका मुलीची आई होती, १९१४ नंतर आई असलेली बाई पहिल्यांदाच जिंकली होती. एकूण सात ग्रँड स्लॅम सिंगल्स. बरेलनमध्ये आता तिच्या लाकडी रॅकेटसारखीच पण १३.८ मीटर लांबीची रॅकेट उभी केलीये. आम्ही एकदा गाडी काढून जाणार आहोत बघायला, लेकीला प्रॉमिस केलंय.

कुठेही वाचा, श्रेय एडवर्ड्सना दिलेलं असतं. मला मात्र कर्ट्झमन जास्त मोठे वाटतात. कोच शोधत येतोच कधीतरी, पण त्याच्या आधी गावातल्या एका मोठ्या माणसाने गेट उघडून आत ये म्हणावं लागतं, आणि ते त्या काळात, जेव्हा त्या मुलीची आई दिवसाढवळ्या मुलांना लपवत होती.

अ‍ॅश बार्टी तुम्हाला माहीत असेलच. ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचची, वडिलांकडून न्गारिगो या अ‍ॅबोरिजिनल समाजातली. २०१९ ला फ्रेंच, २०२१ ला विम्बल्डन, इव्हॉनच्या पहिल्या विम्बल्डन विजयाला बरोबर ५० वर्षं झाली म्हणून तिच्या त्या जुन्या ड्रेसची आठवण ठेवून शिवलेला ड्रेस घालून खेळली. तो आठवडा नायडॉक वीकचा होता, म्हणजे इथल्या मूळ लोकांचा मोठा सण, आणि आंटी सांगतात त्या रात्री त्यांच्या गल्लीत कोणी झोपलंच नाही. २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा कप द्यायला इव्हॉन स्वतः कोर्टवर आली, ते मी टीव्हीवर बघून रडले होते, तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं तरीसुद्धा. पण मला बार्टीची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. २०१४ मध्ये तिने अठराव्या वर्षी टेनिस सोडून दिलं, नको झालं होतं तिला, आणि क्रिकेट खेळायला गेली, ब्रिस्बेन हीटकडून. तेव्हा इव्हॉनने तिला मेसेज केला की चांगला निर्णय घेतलास, जा, गळ टाकून मासे पकड. कोणी म्हटलं असतं का असं? आमच्या घरात नाही म्हटलं कोणी, मला भरतनाट्यम सोडायचं होतं तेव्हा महिनाभर महाभारत झालं होतं.

हे मी का सांगते, कारण इथे मुलं मधेच गायब होतात आणि आपण समजतो यांना रस नाही. घरात, नात्यात कोणी गेलं की सॉरी बिझनेस, म्हणजे सुतकाचे विधी, असतो, सगळं कुटुंब गावी जातं, आणि नातं म्हणजे आपल्यासारखंच दूरदूरचं. चारशे-पाचशे किलोमीटर जायचं, पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ते बंद, मग तिथेच अडकायचं. मी ऐकलंय एका ठिकाणी तीन शनिवार गैरहजर राहिलं की नाव कापायचे. आजी गेली म्हणून गावी गेलेल्या मुलाचं नाव कापायचं! आमच्याकडे हजेरीच नाही. दोन महिन्यांनी आलास तरी रॅकेट तिथेच आहे, काय विचारायचं नाही, बस म्हणून बसमध्ये बसवायचं.

फॉर्मचाही असाच किस्सा. आईची सही पाहिजे, आणि एका मुलीच्या दोन फॉर्मवर दोन वेगळ्या आया! ऑफिसमधली मुलगी वैतागली. आंटी म्हणाल्या दोघीही आईच आहेत, आईची बहीण म्हणजे आईच. मी लगेच म्हटलं आमच्यात पण म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. ते इंग्रजीत सांगताना थोडं भलतंच झालं पण आंटींना बरोब्बर कळलं, त्या दिवसापासून आमची जास्त गट्टी आहे.

इथे २०१८ पासून नॅशनल इंडिजिनस टेनिस कार्निव्हल सुरू झाला, आमच्या डार्विनमध्येच, मराराच्या टेनिस सेंटरवर. देशभरातून मुलं येतात, मॅचेस असतातच पण नाच, चित्रं, गोष्टी, खाणं, सगळं असतं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या मुलांना आमची मुलं आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखी फिरवतात. एरवी टेनिसच्या जागी ही मुलं पाहुणी असतात, त्या दिवसांत ती घरची. इव्हॉनचं फाउंडेशनही वर्षानुवर्षं असे दिवस आणि कॅम्प घेतं, खेळासोबत शिक्षणाचंही बघतं.

पण खरं सांगू का, जिकडेतिकडे विचारतात पुढची अ‍ॅश बार्टी कोण, त्याचा मला त्रास होतो. इव्हॉनचं शेवटचं सिंगल्स ग्रँड स्लॅम १९८० चं, बार्टीचं पहिलं २०१९ चं, मधे ३९ वर्षं. या ३९ वर्षांत काय मुली जन्मल्या नव्हत्या? फुटबॉलमध्ये, म्हणजे एएफएल या इथल्या वेगळ्याच ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये, बरीच वर्षं दहातला एक खेळाडू अ‍ॅबोरिजिनल राहिलाय. कारण मैदान प्रत्येक वस्तीत आहे आणि एका बॉलवर छत्तीस जण खेळतात. टेनिसला एका कोर्टवर फार तर चार, प्रत्येकाला रॅकेट, शिवाय प्रायव्हेट कोचिंगला तासाला सत्तर-ऐंशी डॉलर सहज जातात, आणि जरा बरं खेळायला लागलं की स्पर्धा कुठे तर हजारो किलोमीटरवर. कामासाठी एका वस्तीत गेले होते तिथे कोर्ट होतं, नेटचे नुसते खांब, आणि त्याच्या गेटला कुलूप. किल्ली कोणाकडे ते कोणालाच सांगता येईना.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी एशियन गेम्सला सिल्व्हर, आम्ही किती अभिमानाने सांगायचो, सावरपाडा एक्सप्रेस. पण धावायला डोंगर होता. टेनिस कोर्ट होतं जिमखान्यात, आणि मी शाळेत असताना त्या कोर्टवर पाड्यावरचं एकही मूल मला आठवत नाही, आणि तेव्हा मला ते खटकलंही नाही. हे आता सात समुद्रापार येऊन कळतंय याचं वाईट वाटतं.

पैशांचं म्हणाल तर ग्रँट वर्षाची असते. वर्षभरात मुलांची नावं कळतात, कोणाचा कोण मामा ते कळतं, तोवर पैसे संपले, कोच गेला, नवीन आला, तो परत पाठमोरा उभा राहून ओरडतो. आंटी म्हणतात, टी-शर्ट आणि कॅमेरा घेऊन आलेले खूप बघितले, पुढच्या पावसाळ्यानंतर पण दिसलास तर बोलू. मला स्वतःला त्यांनी पहिलं वर्षभर फार काही सांगितलं नाही, आता कळतं का. आता आमच्यातली दोन मोठी मुलं कोचिंगचा पहिला कोर्स करताहेत, ती इथलीच आहेत, ती कुठे जाणार नाहीत, आणि माझी सगळी आशा त्या दोघांवर आहे.

तो डाव्या कानाचा मुलगा, त्याचं ऑपरेशन झालं, पडद्याचं भोक बुजवलं, आता बरंच ऐकू येतं. टेनिसमध्ये तो फार पुढे जाईल असं मला वाटत नाही, त्याला फुटबॉल जास्त आवडतो. पण शनिवारी येतो, नारिंगी बॉलवर आलाय, आणि परवा माझ्या लेकीला त्याने सहा-चार हरवलं, ती घरी येईपर्यंत गाल फुगवून बसली होती आणि बसमध्ये त्यानेच तिला आपल्या पाकिटातले चिप्स दिले.

डार्विनमध्ये किंवा जवळपास जे मराठी लोक हे वाचताहेत त्यांच्यासाठी: गॅरेजमध्ये मुलांच्या लहान झालेल्या रॅकेट असतील, २१ ते २५ इंची, तर मला द्या, बूट पण चालतील, कुठल्याही मापाचे. आणि ज्यांच्याकडे मिनीबस चालवायचं लायसन्स आहे त्यांनी कृपया कमेंट करा, आमचे एक ड्रायव्हर काका एप्रिलपासून अ‍ॅडलेडला चाललेत. सकाळी सव्वासातला निघायचं, साडेदहापर्यंत मोकळे. फक्त एकदा हो म्हणालात की निदान वर्षभर या.